रोज राबायचं, पण विझायचं नाही – कुणाला जमलंय काय?

व्हीएमसी_वाला

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर आहे. शिक्षण डिप्लोमा मेकॅनिकल. हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्ह बॉडी, मॅनिफोल्ड असले जॉब. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. शिवाय जेईच्या (ज्युनिअर इंजिनिअर) परीक्षेचा अभ्यास चालू आहे आणि कॅम प्रोग्रॅमिंगचा, म्हणजे कॉम्प्युटरवर मशीनचा प्रोग्रॅम करायचा क्लासही लावलाय. जन्मभर ऑपरेटर राहायचं नाही, एवढं पक्कं आहे.

कामाला मी भीत नाही. पण हल्ली जेवून पुस्तक उघडलं की डोळे नुसते ओळीवरून फिरतात, डोक्यात काही उतरत नाही. सुट्टीदिवशी भरपूर झोपलो तरी अंग जड. आधी नवीन जॉबचं ड्रॉइंग हातात आलं की हुरूप यायचा, कुठून धरायचं, कुठला टूल आधी, असं डोकं चालायचं. आता ड्रॉइंग बघितलं की 'आला आणखी एक' एवढंच वाटतं.

पहाटे चारला उठा म्हणून सांगणारे व्हिडिओ पुष्कळ बघून झाले. अहो, रात्रपाळीत मी पहाटे चारला जागाच असतो!

तर प्रश्न असा: वर्षानुवर्षं न थांबता मेहनत करून पुढे गेलेले आणि तरी डोकं-शरीर शाबूत असलेले कोणी इथं आहेत का? नेमकं काय करता? प्रेरणा नको, पद्धत सांगा.

जांबोटी_लास्ट_बस

'चारला जागाच असतो' 😂 तू उलट त्यांना व्हिडिओ करून पाठव.

कॅम्पातले_काका

बाळ, मी फौंड्रीत मेल्टिंगला होतो, सुपरवायझर म्हणून रिटायर झालो. तुला आमच्या फर्नेसची गोष्ट सांगतो, बाकी तुझं तू ताड.

इंडक्शन फर्नेसच्या आतून रॅमिंग मास ठोकून अस्तर बसवतात. आम्ही त्याला लायनिंग म्हणतो. प्रत्येक हीटला, म्हणजे लोखंड वितळवण्याच्या एकेका खेपेला, ते थोडं थोडं झिजत जातं. वरून डोकावून काही कळत नाही, लोखंड तसंच लाल, तसंच वितळतंय. पण लायनिंगच्या पलीकडे तांब्याची कॉइल असते आणि कॉइलमधून पाणी खेळतं. लोखंड पाझरून तिथवर पोचलं की धडाका. माणसं जातात त्यात.

म्हणून लायनिंग किती हीट झालं हे वहीत लिहायचं. आकडा भरत आला की फर्नेस उतरवायची, नवीन लायनिंग ठोकायचं. मालकाची ऑर्डर अर्जंट असो नाहीतर गिऱ्हाईक दारात बसलेलं असो. 'अजून चांगली चाललीय की' हे वाक्य आमच्या शॉपमध्ये कुणी बोललं तर मी ओरडायचो. चांगलीच चाललेली असते, फुटेपर्यंत.

तू काय करतोयस? दमल्यावर थांबायचं म्हणतोयस. दमल्याचं कळेपर्यंत लायनिंग गेलेलं असतं रे. थांबायची वेळ आधी वहीत लिही आणि त्या वेळेला थांब, त्या दिवशी अगदी ताजातवाना असलास तरी.

वडगावचा_माग

काका, दंडवत. पण फर्नेस बंद ठेवायचा खर्च मालक सोसतो. आमच्या पॉवरलूमवर जेवढा कपडा निघेल तेवढी मजुरी. लाइट जाईल तेवढीच आमची सुट्टी. माग थांबला म्हणजे पैसा थांबला. पगारी माणसाचं गणित आम्हाला कसं लागणार?

मच्छे_इंडस्ट्रियल

मी थोडं कडू बोलतो, राग मानू नये.

एक सेकंडहँड लेथ घेऊन भाड्याच्या शेडमध्ये सुरुवात केली. आज बरी चार मशीन आहेत, माणसं आहेत. मेहनत कमी करून वर गेलेला एकही माणूस मी बघितलेला नाही. हे बर्नआउट वगैरे आमच्या वेळी नव्हतं. दमलो की झोपायचो, उठलो की कामाला. आजकालची पोरं दिवसातून चार तास मोबाईल बघतात आणि म्हणतात थकवा येतो. आधी मोबाईल बंद कर, मग थकव्याचं बोलू.

घरून_बेंगळूर

@मच्छे_इंडस्ट्रियल, साहेब, मोबाईलचं अर्धं मान्य. पण तुमच्यात आणि आमच्यासारख्यांत एक फरक आहे. तुम्ही रात्री अकरापर्यंत थांबलात तर त्याचं फळ तुमच्या मशीनला लागलं. आम्ही थांबलो तर फळ दुसऱ्याच्या ताळेबंदात. राबणं सारखंच, पण स्वतःच्या मर्जीने राबलेलं अंगाला कमी लागतं. निदान माझा अनुभव तरी हाच.

मी बेंगळूरच्या आयटी कंपनीत, गेली काही वर्षं टिळकवाडीतून घरून काम. ट्रॅफिक सुटलं म्हणून सुरुवातीला नाचलो. मग लक्षात आलं की जायला-यायला लागणारे तासही कामातच जाऊलालेत. पलंगावर लॅपटॉप, जेवताना लॅपटॉप. शेवटी उपाय सापडला तो आईचा. रात्री साडेआठला लॅपटॉप तिच्या लोखंडी कपाटात जातो आणि किल्ली तिच्या कमरेला. मागितली तर विचारते, 'कुठं आग लागलीय?' आजवर एकदाही नीट उत्तर देता आलं नाही, आणि आगही लागली नाही.

जांबोटी_लास्ट_बस

आईंचा नंबर… नको, माझी आई पण तशीच आहे. कपाट तेवढं घेतो.

चिकोडीकर

२०२३ मध्ये नारायण मूर्ती आठवड्याला ७० तास म्हणाले, २०२५ च्या सुरुवातीला एल अँड टीचे सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले. व्हीएमसी_वाला, तुझी शिफ्ट, क्लास आणि अभ्यास मिळून किती होतात ते सांग बघू. मला वाटतं तू मूर्तींना कधीच मागे टाकलंयस.

व्हीएमसी_वाला

मोजलं नव्हतं. आत्ता बोटांवर मोजलं. ७० च्या वर जातंय, ओव्हरटाइम धरला तर आणखी.

डॉक्टर_हिंदवाडी

आता मला बोलायलाच हवं.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून २०२१ मध्ये आकडे दिले होते. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. हे आकडे पगारी तासांचे आहेत, अभ्यास वेगळा. तरी शरीराला कुठे कळतं की हे कुणाचे तास?

दुसरं. मच्छेवाले म्हणतात पूर्वी नव्हतं. माणसं होती, नाव नव्हतं. अमेरिकेतले मानसतज्ज्ञ फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये यावर लिहिलं, तेही मोफत दवाखान्यात जीव ओतून काम करणाऱ्या लोकांबद्दल, म्हणजे आळशांबद्दल नव्हे. आजच्या आंतरराष्ट्रीय आजार-वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हटलंय. तीन खुणा: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं. धागाकर्त्याचं 'आला आणखी एक' हे दुसऱ्या खुणेचं चोख उदाहरण आहे.

पण थांब. इंटरनेटवरून स्वतःला हे लेबल लावू नकोस. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ तपासून घे. माझ्याकडे 'डॉक्टर, मला बर्नआउट झालंय' म्हणत आलेल्यांपैकी काहींना साधा रक्तक्षय असतो. आणि मन सगळ्यातूनच उडालं असेल, कामातून नव्हे तर जेवणातून, मित्रांतून, जगण्यातून, तर ते नैराश्य असू शकतं. त्याला उपचार आहेत. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, कधीही फोन करता येतो.

तुझी शिफ्ट कुठल्या क्रमाने बदलते?

व्हीएमसी_वाला

पहिलीनंतर थेट तिसरी, मग दुसरी.

डॉक्टर_हिंदवाडी

उलटा क्रम. सकाळ, मग दुपार, मग रात्र असं पुढे सरकणं शरीराला सोपं जातं, कारण उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. सुपरवायझरशी बोलून बघ. रात्रपाळीच्या दुसऱ्या अर्ध्यात चहा बंद. घरी येताना डोळ्यांवर गॉगल, खोलीला जाड पडदा. आणि कृपा करून रात्रपाळीच्या आठवड्यात नवीन धडा शिकायला घेऊ नकोस. त्या आठवड्यात फक्त जुन्याची उजळणी.

निपाणीची_नात

डॉक्टर, शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. मी सीए फायनल करतेय, आर्टिकलशिपमध्ये (सीएच्या उमेदवारीत) असताना हेच करायचे. ऑडिटच्या धावपळीत नवीन विषय उघडायचा नाही, जुनी गणितं सोडवायची. आणि परीक्षेचे दोन्ही ग्रुप एकदम द्यायचे की एकेक, यावर घरात वाद झाला तेव्हा मी एकेक धरला. उशीर होईल, होऊ दे.

@वडगावचा_माग, दादा, तुमचा प्रश्न कुणी धरला नाही म्हणून लिहिते. माझी आजी आणि आई दोघी विड्या वळायच्या. तिथंही मजुरी हजारी, हजार विड्यांमागे. मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू आणि दोरा. पानं आदल्या रात्री भिजत घालून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, नाहीतर वळताना चिरतात. मी लहान असताना रात्री जाग आली की कात्रीचा आवाज यायचा.

आजीचा एक नियम होता. दिवाबत्तीनंतर सूप भिंतीला उभं. विड्या कमी पडल्या तरी उभं. आई हा नियम पाळायची नाही, तिला माझी फी दिसायची. आज आजीपेक्षा आईची मान जास्त गेलीय, बोटं वाकडी झालीत. आईला दोष देत नाहीये, तिच्या जिवावर मी शिकले. पण पीसवर काम करणाऱ्याला थांबणं परवडत नाही हे जेवढं खरं, तेवढंच न थांबण्याचं बिल कधीतरी येतं हेही खरं. फक्त ते उशिरा येतं आणि ते मालक भरत नाही.

वडगावचा_माग

ताई, बरोबर बोललीस. पण आजीचं सूप उभं राहिलं तेव्हा शेजारणीचं सूप चालू असेल की नाही? मुकादमाकडे तिचा आकडा पुढे. आमच्याकडे तेच. मी माग बंद केला की ऑर्डर शेजारी जाते. प्रश्न तिथं आहे.

कडोलीचा_शेतकरी

मागवाल्या भावा, याचं उत्तर आपल्या गावातच हाय.

आमच्याकडं वार पाळत्यात. देवीच्या नावानं ठरलेल्या मंगळवारी गावात औत जुपायचं न्हाई, शेतात पाय ठेवायचा न्हाई. भाताची लावणी तोंडावर आली असली तरी न्हाई. लहानपणी मी म्हाताऱ्याशी भांडायचो, पाऊस पडूलालाय, चिखल तयार हाय आणि आम्ही घरात बसूलालोय, हे काय खुळ्यासारखं! म्हातारा म्हणायचा, गावच बसलंय, तुझंच कशाला नुकसान हुतंय.

आता कळतंय. एकटा बसला असता तर त्याचं रान मागं पडलं असतं. सगळं गाव बसलं की कुणाचंच मागं पडत न्हाई. देवीच्या भीतीनं लोक एकमेकांवर नजर ठेवत्यात, गपचूप रानात गेलेला दिसला की चार तोंडं बोलत्यात. बैलालाबी इसावा, बाईलाबी इसावा, गड्यालाबी.

तुझ्या गल्लीत मागवाले किती हायत? बसून ठरवा की, रात्री अमुक वाजता सगळे माग बंद.

कॅम्पातले_काका

कडोलीकर, माझ्या वहीपेक्षा हे भारी. वही एकट्याची असते, खाडाखोड करता येते.

मच्छे_इंडस्ट्रियल

हे मला पटलं. अंधश्रद्धा म्हणून आम्ही वार पाळणुकीला हसायचो.

केपीएससी_की_एमपीएससी

थोडं विषयांतर, पण संबंधित आहे. धागाकर्ता जेईचा अभ्यास करतोय. आपण मराठी माध्यमवाले इथं दुप्पट राबतो हे कुणी बोलत नाही. कर्नाटकच्या परीक्षेसाठी कन्नडचा सक्तीचा पेपर. पारिभाषिक शब्द सगळे नव्याने. त्यात महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी माणसांना महाराष्ट्राच्या भरतीतही संधी आहे, म्हणून घरचे म्हणतात तिकडचाही फॉर्म भर. मग दोन राज्यांचा भूगोल, दोन राज्यांचा इतिहास, दोन्हीकडच्या चालू घडामोडी. कृष्णेचं पाणी एकदा त्यांच्या बाजूने पाठ करायचं, एकदा यांच्या. माझा मेंदू तर कृष्णेवरच्या हिप्परगीच्या बंधाऱ्यात अडकलाय.

चिकोडीकर

हे भोग आपल्या वाट्याला १९५६ मध्ये आले. राज्य पुनर्रचनेत जर

नियंत्रक

चिकोडीकर, सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिथं सध्या ४० पानं झालीत. इथं अभ्यासाबद्दलच बोलूया.

चिकोडीकर

बरं बा.

कन्नड_शिकवणारी_मराठी

@केपीएससी_की_एमपीएससी, दोन्ही फॉर्म भरून दोन्हीकडे अर्धवट राहिलेली मुलं माझ्याकडे दरवर्षी येतात. मी शहापूरला कन्नडचे वर्ग घेते. माझं मत स्पष्ट आहे: एका वर्षी एक राज्य. थकवा तासांनी येतो तसा दोन्हीकडे पाय ठेवल्यानेही येतो. दिवसभर अभ्यास करून रात्री 'तिकडचं राहिलंच' ही टोचणी असेल तर झोप कुठून लागणार?

कन्नडच्या पेपरला घाबरायचं कारण नाही. तो पात्रतेपुरता असतो, त्यात पहिलं यायचं नसतं. बसस्टँडच्या पाट्या, बसवरची गावांची नावं, केबलची कन्नड बातमीपत्रं, एवढं रोज वाचत-ऐकत राहिलं तरी लिपीची भीती जाते. पण मुलं कन्नडला गणितासारखी भिडतात, दोन महिने रोज चार तास आणि मग वर्षभर हात लावत नाहीत. भाषा अशी येत नाही. रोज अर्धा तास, घर पेटलं तरी अर्धाच.

माजी_सुभेदार

अर्ध्या तासाचं बरोबर. सैन्य भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे हिंडलगा रोडला पळताना सगळ्यांनी बघितली असतील. मी त्यातल्या काहींना शिकवतो. १६०० मीटर पळायचं असतं. नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवसापासून रोज जीव तोडून पळतं. महिन्याभरात नडगी धरून बसतं. नडगीचं हाड ताणाने आधी कमजोर होतं आणि विश्रांतीच्या दिवसांत भरून येऊन पक्कं होतं. विश्रांती दिलीच नाही तर बारीक चीर पडते. मग भरतीच्या दिवशी पोरगं पट्टी बांधून प्रेक्षकात.

माझ्याकडे आठवड्यात दोनच दिवस जोराचे. बाकीचे दिवस असं पळायचं की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. एक दिवस पूर्ण बंद. पोरांना जोराच्या दिवशी पळवणं सोपं, हलक्या दिवशी हलकं ठेवणं महाकठीण. शेजारचा पुढे गेला की यांची शर्यत सुरू. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये आमचे उस्ताद ज्याला ओरडायचे तो मागे राहणारा असायचा, माझ्याकडे हलक्या दिवशी पुढे जाणाऱ्याला शिक्षा.

सुळेभावीचा_सूर

धावण्यावरून रियाज आठवला. १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत विद्यालयातल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सगळ्यात तयारीचे विद्यार्थी दिवसाला सरासरी साडेतीन तास एकट्याने रियाज करत, तोही तुकड्यातुकड्यांत, मध्ये विश्रांती घेऊन. आणि ते कच्च्या विद्यार्थ्यांपेक्षा झोपतही जास्त. दुपारची डुलकी धरून!

आणि आमच्या गावचा अभिमान म्हणून एक सांगतो. कुमार गंधर्वांचा जन्म सुळेभावीचा, १९२४ चा. ऐन उमेदीत क्षयाने गाठलं, देवासला जाऊन राहिले, काही वर्षं गाणं पूर्ण बंद. पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीतं कानावर पडत राहिली आणि बरे होऊन परत आले ते वेगळंच गाणं घेऊन. सक्तीच्या विश्रांतीने त्यांना काय दिलं ते सगळ्यांना माहीत आहे.

खानापूरच्या_बाई

सुळेभावीकर, कुमारांवर माझंही प्रेम आहे, पण ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते. क्षय म्हणजे विश्रांती नव्हे, मरणाशी गाठ होती. आणि ते अंथरुणावर असताना घर कोण चालवत होतं? भानुमतीबाई. नोकरीही त्यांची आणि शुश्रूषाही त्यांची. कुमारांना लोकगीतं ऐकायला मोकळा कान मिळाला, कारण दुसऱ्या कुणाच्या तरी कानाशी घड्याळाचा गजर होता.

मी खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळेत शिक्षिका आहे. शाळेत पाच वर्ग, आम्ही दोघीच. शिकवणं, पोषण आहार, मध्येच सर्व्हे, निवडणूक. कागदपत्रं सगळी कन्नडमध्ये. बसने घरी पोचले की दुसरी पाळी: स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, मुलाचा गृहपाठ. या धाग्यावर साडेआठला लॅपटॉप आईच्या कपाटात ठेवणारे भाऊ आहेत, कौतुक आहे. पण त्या साडेआठला आई काय करत असतात?

घरून_बेंगळूर

… भाकरी.

खानापूरच्या_बाई

टोमणा म्हणून घेऊ नका. माझं म्हणणं एवढंच की कुणाची विश्रांती कुणाच्या पाठीवर आहे हे बघितल्याशिवाय पद्धत सांगू नये. आमच्या घरी मी एक केलंय. रविवारी दुपारनंतर चूल बंद. सकाळचं आहे ते खायचं, नाहीतर नवरा मुलाला घेऊन बाहेर जाईल. सुरुवातीला सासूबाईंनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, आई, वार पाळलाय असं समजा. त्यांना ते लगेच कळलं! आता सासूबाईच शेजारणीला सांगतात, 'आमच्यात रविवारी चुलीचा वार असतो.'

कडोलीचा_शेतकरी

बाई, नमस्कार तुम्हाला.

जांबोटी_लास्ट_बस

देवी कुठली म्हणायची पण? गॅस सिलिंडराई?

मच्छे_इंडस्ट्रियल

आधी कडू बोललो होतो, आता कामाचं बोलतो. धागाकर्त्यासाठी.

शिफ्टचा क्रम बदलून मागताना 'मला त्रास होतो' म्हणून जाऊ नकोस. सगळ्यांनाच होतो असं उत्तर मिळेल. तुझ्या शिफ्टच्या सगळ्यांना घेऊन जा आणि रिजेक्शनचा, म्हणजे बाद झालेल्या मालाचा आकडा घेऊन जा. पहिलीवरून थेट तिसरीला आल्यावर पहिल्या दोन रात्री रिजेक्शन किती, बाकीच्या दिवशी किती. क्वालिटीच्या रजिस्टरमध्ये असतं ते. माझ्याकडे कुणी असा कागद आणला तर मी त्याच दिवशी क्रम बदलीन, दया म्हणून नव्हे, मटेरियलचे पैसे वाचतात म्हणून.

आणि ओव्हरटाइम. कायद्याने दर दुप्पट आहे, तो मिळतोय का बघ. मिळत असेल तरी परीक्षेच्या आधीचे महिने सरळ नाही म्हण. मालक रागावतो, पण चांगला सेटर (मशीन जुळवून देणारा) सोडत नाही. हे मी मालक म्हणून सांगतोय, माझ्या माणसांना दाखवू नका म्हणजे झालं.

व्हीएमसी_वाला

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

रक्त तपासलं. डॉक्टरांचा अंदाज बरोबर, बी-१२ खूप खाली आहे. इंजेक्शनं चालू केलीत. म्हणजे थोडं लायनिंगचं, थोडं रक्ताचं.

महाराष्ट्राचा फॉर्म यंदा भरत नाही. घरी सांगितलं, वडील दोन दिवस बोलले नाहीत, मग म्हणाले, तुझं तू बघ. कॅमचा क्लास परीक्षेपर्यंत थांबवला. क्लासच्या सरांनी फी पुढच्या बॅचला वळती करून दिली. रात्रपाळीच्या आठवड्यात फक्त उजळणी आणि कन्नडचा अर्धा तास. रजिस्टरमधले आकडे काढायला क्वालिटीचा मित्र तयार आहे, तो पण त्याच शिफ्टला असतो.

एक अडलंय. माजी_सुभेदार म्हणतात जोराचे दोनच दिवस. अभ्यासात जोराचा दिवस म्हणजे काय धरायचं? जास्त तास की अवघड विषय?

माजी_सुभेदार

अवघड विषय. तास वाढवू नकोस. माझी पोरं जोराच्या दिवशी अंतर कमीच पळतात.

निपाणीची_नात

आणि जोराच्या दिवशी घड्याळ लावून जुना पेपर सोडव, बाकीच्या दिवशी घड्याळाशिवाय वाचन. मला तरी हे लागू पडलं.

कन्नड_शिकवणारी_मराठी

कन्नडचे जुने पेपर हवे असतील तर व्यक्तिगत निरोप टाक, माझ्याकडे गठ्ठा आहे.

वडगावचा_माग

मी पण काय झालं ते सांगतो. गल्लीतल्या मागवाल्यांना बसवलं. रात्री नऊनंतर माग बंद, असं ठरवायला घेतलं. बहुतेक तयार झाले. दोघं म्हणाले, आमचं कर्ज आहे, आम्हाला नाही जमणार. त्यांच्यावर जबरदस्ती कशी करणार? म्हणून सध्या सगळ्यांना मान्य झालं तेवढंच: मंगळवारी रात्री सगळ्यांचे बंद, कर्जवाल्यांचेही. बाकीचे वार ज्याचे त्याने बघायचे.

कडोलीचा_शेतकरी

एक मंगळवार धरलासा न्हवं, बास. आमच्याकडंबी गावाचा वार तेवढाच असतोय.

वडगावचा_माग

पहिल्या मंगळवारी काय करायचं कुणाला कळेना. सगळे कट्ट्यावर येऊन बसले आणि मजुरीच्या दरावर भांडले. आता दर वाढवून मागायला व्यापाऱ्याकडे एकत्र जायचं म्हणतायत. त्याचा वेगळा धागा काढू काय, नियंत्रक?

नियंत्रक

काढा की.